परिशिष्ट क

अर्ज बावीस पानी.
पर्यटन खात्यातल्या बाईंनी काचेखालून सरकवला
आणि म्हणाल्या, परिशिष्ट क तेवढं नीट भरा,
तिथंच सगळे अडकतात.

परिशिष्ट क:
न झालेल्या कार्यक्रमांचा तपशील.
छायाचित्रं जोडावीत.

थिवीला गेले, गोदाम उघडलं.
वहीप्रमाणे चौदाशे खुर्च्या,
बारा-बाराच्या चळती, एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या;
कितीतरी महिन्यांत दुसरं कुणी त्यांच्यावर टेकलं नव्हतं.
झालरींची आवरणं पिवळी पडलेली.
पाठीवरचा सोनेरी बो सोडला
तर खाली तेवढीच पट्टी पांढरी,
घड्याळ काढलेल्या मनगटासारखी.

न झालेलं दिसतं कसं?
फोटो काढला. त्यात नुसत्या खुर्च्या आल्या.

मग आठवून लिहायला बसले.
एप्रिल वीस: दातांचे डॉक्टर, साडेतीनशे, दोन दिवस,
दुसऱ्या रात्री नाच.
मे: सिमेंटचे विक्रेते. त्यांना मंचामागे समुद्र हवा होता,
भाषण लांबलं तर बघायला काहीतरी असावं म्हणून.
नोव्हेंबर: टाइल्सवाले, बायकामुलांसह,
प्रत्येक टेबलावर शहाळं, शहाळ्यावर कंपनीचं नाव.
आगाऊ रकमा परत केल्या, त्याच्या पावत्या आहेत.
मिनीनची पावती नाही.
त्यानं स्पीकर विकले, मोटरसायकल घेतली,
आता म्हापशाच्या स्टँडवर पायलट आहे, पिवळ्या मडगार्डचा.
गिऱ्हाईक मागे बसलं की
हेल्मेटच्या आतल्या आत, सवयीनं,
हॅलो, चेक, चेक.

एकवीसच्या मे महिन्यात फोन आला होता
बांबोळीच्या इस्पितळातून, कुणा वॉर्डबॉयचा:
बाहेर माणसं जमिनीवर बसलीत, रात्रभर.
दोनशे पाठवल्या. आवरणांशिवाय.
भाडं त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
जुलैत परत आल्या एकशे त्र्याऐंशी.
ह्याला अर्जात रकाना नाही.
हा कार्यक्रम झाला होता.

मार्चमध्ये सरकारनंच परिषद भरवली, पाटोला:
धंदा पुन्हा उभा कसा करायचा.
पाचशे खुर्च्या माझ्या, सरकारी दरानं.
चार दिवस धुलाई, आवरणं नव्यानं शिवून घेतली उसनवारीवर.
पडद्यावर आकडे चढत होते,
एक प्रतिनिधी म्हणजे चार पर्यटकांचा खर्च,
आणि मी मागच्या भिंतीशी उभी, नेहमीसारखी
डोकी मोजत.
तीनशे बारा भरल्या.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
कुणीतरी खुर्ची मागे ओढली
तो फरशीवरचा खरखरीत आवाज
मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.
माईक मध्येच किंचाळला. मिनीन असता तर धावला असता.
त्या दिवसाचं बिल त्याच खात्यात आहे,
त्याच काचेमागे, माझ्या अर्जाच्या शेजारी.

काल पाहणीला साहेब आले. फळदेसाई, वयानं लहान,
गोदामात शिरताना बूट काढायला वाकले.
असू द्या, म्हटलं.
प्रत्येक चळतीला पेन्सिल टेकवत त्यांनी स्वतः मोजलं.
तेराशे त्र्याऐंशी.
सतरा कमी आहेत, म्हणाले.

त्यांतली एक मला ठाऊक आहे.
बांबोळीच्या बसथांब्यामागे, चणेवालीच्या गाड्यापाशी,
मागच्या पायावर आमच्या रंगात आमचा नंबर, सहाशे चार.
परवा तिच्यावर एक म्हातारा बसला होता,
एक्स-रेचं पाकीट मांडीवर दोन्ही हातांनी धरून.
गाडी हळू केली होती मी.
मग पुढे नेली.

बाहेर आहेत, म्हटलं.
कुठल्या कार्यक्रमाला? कधी संपतोय?

अजून चालू आहे, म्हटलं.
त्यांनी मान वर करून एकदा पाहिलं
आणि तसंच लिहून घेतलं.